गिरणीच्या दारातली कृपा

परळच्या ज्या भागाला भोईवाडा म्हणतात त्याला हे नाव भोयांवरून पडले. भोई म्हणजे मेणा आणि पालखी खांद्यावरून वाहणारे लोक, ज्यांच्या पायांवर दुसऱ्याचा प्रवास होई आणि ज्यांचे स्वतःचे नाव त्या प्रवासाच्या कोणत्याही बखरीत येत नसे. मेणे गेले, पालख्या गेल्या, त्यांच्या मागून ट्राम आली व तीही गेली. परंतु माणसाने माणसाला उचलून नेण्याचे काम या वस्तीतून काही गेले नाही, कारण १९२६ साली केईएम रुग्णालय आणि १९४१ साली टाटा रुग्णालय येथे उभे राहिल्यापासून देशाच्या कानाकोपऱ्यातला दुखणाईत माणूस अखेरचा इलाज म्हणून ज्या रस्त्यांनी येतो ते रस्ते आमच्या दारावरून जातात, आणि त्याला टॅक्सीतून उतरवून आत नेणारे हात पुष्कळदा त्याच्या नात्यातलेही नसतात. या वस्तीतल्या एका चाळीत माझे बालपण गेले, येथल्याच एका लहानशा मराठी मंडळीत माझा बाप्तिस्मा झाला, आणि श्रद्धेविषयी जे थोडेबहुत मला उमगले ते ग्रंथांपेक्षा या रस्त्यांवर उमगले. म्हणून या पुस्तकाची प्रस्तावना भोईवाड्याच्या नावापासून करणे मला योग्य वाटले.

पुढील पृष्ठांतली प्रकरणे ही मूळची भाषणे होत. रविवारची उपासना आटोपल्यावर, सतरंज्या गुंडाळण्यापूर्वी, मंडळीतली तरुण मुलेमुली अर्धा-पाऊण तास बसत आणि मी काही बोलावे अशी अपेक्षा करीत. आरंभी मी शास्त्रपाठाचे विवरण करी, ते ती निमूटपणे ऐकत. पण एका रविवारी वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीने मला असा प्रश्न विचारला की त्यानंतर विवरणाची ती जुनी पद्धत पुढे चालवणे मला अशक्य झाले. तिच्या खिडकीतून शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयाची इमारत दिसत असे, आणि गेली दोन वर्षे ती इमारतच तिचे ध्येय व तिचा धसका होऊन राहिली होती. ती म्हणाली, "जागा मोजक्या आहेत. मला एक मिळू दे अशी मी प्रार्थना करते, तेव्हा ती दुसऱ्या कुणाला मिळू नये अशीच प्रार्थना मी करते ना?" मी तिला काहीतरी सांगून वेळ मारून नेली. घरी जाताना मात्र माझ्या ध्यानात आले, की आपण ज्याला ख्रिस्ती जीवन म्हणतो त्याची सगळी परीक्षा या एका प्रश्नात सामावलेली आहे, आणि चाळीस वर्षे नित्यनेमाने उपासनेला जाऊनही माझ्यापाशी त्याचे उत्तर नाही. हे पुस्तक म्हणजे त्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न आहे.

'कृपा' हा शब्द आपल्या बोलण्यात इतका रुळलेला आहे, की त्याचा अर्थ उलटा झाला तरी कुणाला चाहूल लागत नाही. निकालाच्या दिवशी पेढे घेऊन येणारा बाप म्हणतो, "देवाच्या कृपेने पंच्याण्णव टक्के पडले". नवी नोकरी, नवे घर, परदेशाचा व्हिसा, हे सारे देवाच्या कृपेने होते. यात नम्रता आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु त्याच जिन्यावर, खालच्या मजल्यावर, ज्या घरात त्या दिवशी दिवा लावायलाही कुणी उठले नाही, त्या घरावर मग कशाची छाया आहे असे समजायचे? कृपा ही यशावर मारलेली मोहोर ठरली, की अपयश आपोआप अवकृपेचा दाखला ठरतो, आणि प्रभू येशूने आयुष्यभर ज्या समजुतीचे खंडन केले तीच समजूत त्याच्या नावाने आपल्या घरात पुन्हा नांदू लागते. याच्या नेमकी उलट आणखी एक जागा आहे, जिथे मराठी मुलाला हा शब्द इंग्रजी वेषात भेटतो: गुणपत्रिकेवर. ग्रेस मार्कांनी पास झालेला मुलगा ती गोष्ट मित्रांपासून लपवतो, आणि त्याची आई शेजारणीला टक्केवारी सांगताना अडखळते. शुभवर्तमानाची सगळी गंमत आणि सगळी अडचण ही आहे, की त्याच्या हिशेबी आपण सगळेच ग्रेस मार्कांवर पास झालेलो आहोत. पहिल्या बाकावरचा विद्यार्थीसुद्धा. ज्याला हे खरोखर पटले त्याला आपल्या यशाचा ताठा उरत नाही आणि दुसऱ्याच्या अपयशाची किळसही उरत नाही. पण पटणे फार कठीण आहे, आणि मुंबईत तर अधिकच कठीण.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या धन्याचा जो दृष्टांत आहे तो या विषयाचा गाभा आहे, म्हणून या पुस्तकात तो पुन्हा पुन्हा येतो. धनी पहाटे बाजारात जाऊन मजूर लावतो, मग दिवसाच्या वेगवेगळ्या प्रहरी आणखी लावतो, आणि दिवस मावळायला तास उरला असताना पुन्हा जाऊन, तेथे अजून उभ्याच असलेल्या माणसांना कामावर घेतो. संध्याकाळी मात्र सर्वांना सारखीच, दिवसाची पुरी मजुरी देतो. हा दृष्टांत मी मोठमोठ्या विद्वान उपदेशकांच्या तोंडून ऐकला आहे, आणि बहुतेकांचे सगळे बळ एकाच शंकेच्या निरसनात खर्ची पडलेले पाहिले आहे: बारा तास राबणाऱ्यावर हा अन्याय नव्हे काय? ही शंका ज्याची मजुरी निश्चित आहे त्याला सुचते. माझ्या वडिलांना ती कधी सुचली नाही. माझे वडील गिरणीत बदली होते.

बदली म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला सांगितले पाहिजे. गिरणीतला कायम कामगार आजारी पडला, गावी गेला, त्याचा खाडा झाला, म्हणजे त्याच्या साच्यावर त्या दिवसापुरता जो उभा राही तो बदली. पूर्वी हे सगळे जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, मर्जीवर चाले. ज्याने दस्तुरी पोचवली, ज्याचा गाववाला किंवा जातवाला जॉबर असे, त्याला आधी काम. १९३५ साली गिरणीमालकांच्या संघाने बदली नियंत्रणाची योजना आणून कार्डे दिली, त्यामुळे जॉबरची मनमानी काहीशी आवरली. परंतु कार्ड मिळाले म्हणून काम मिळत नसे, रोज सकाळी पाळीच्या वेळी दारात हजर राहण्याचा हक्क तेवढा मिळे. कित्येकांची दहा-पंधरा वर्षे अशी बदलीच्या कार्डावर गेली. वडील पहाटे भोंग्याच्या आधी उठत, आई डबा भरून देई, आणि गिरणीच्या दारात शे-दीडशे माणसांबरोबर ते उभे राहत. नाव पुकारले गेले तर आत. नाही तर परत. परत आले, की ते डबा ओट्यावर ठेवीत, आई काही न विचारता तो उघडी, आणि जी भाकरी दुपारी साच्याजवळ खाल्ली जायची ती आम्ही सकाळी नऊ वाजता सगळे मिळून खात असू. भरलेल्या डब्याचा तो आवाज, ओट्याच्या दगडावर टेकताना होणारा जड, बद्द आवाज, मला अजून ओळखता येतो. रिकामा डबा वेगळा वाजतो.

एका रात्री घरच्या उपासनेत हा अध्याय वाचायची पाळी वडिलांची होती. शेवटच्या घटकेला धनी त्या माणसांना विचारतो की तुम्ही दिवसभर रिकामे का उभे राहिलात, आणि ती सांगतात की आम्हांला कुणी कामावर लावलेच नाही, त्या ठिकाणी आल्यावर वडील थांबले. बराच वेळ थांबले. मग आईला म्हणाले, "ही माणसं आळशी नव्हती. दिवसभर उभी राहिली, घरी गेली नाहीत." एवढेच बोलून त्यांनी पुढचे वाचले. मी पुढे या दृष्टांतावर पुष्कळ भाष्ये वाचली, परंतु अकराव्या तासाचा मजूर सर्वांत अधिक दमलेला होता, कारण काम करण्यापेक्षा कामाची वाट पाहणे माणसाला अधिक थकवते, हे मला त्यांपैकी एकाही भाष्यात आढळले नाही. दिवसाची मजुरी म्हणजे घराचे एका दिवसाचे अन्न; ते अन्न एक-बारांशाने देऊन भागत नाही, पोटे बारा हिश्शांनी कमी होत नाहीत, हे त्या धन्याला ठाऊक होते. आणि त्याने मजुरी वाटताना शेवटच्यांपासून सुरुवात केली, म्हणजे पहिल्यांना ती पाहणे भागच पडले. त्यांना आधी देऊन वाटेला लावले असते तर कुरकुर झालीच नसती. कृपा झाकून करण्याचा मार्ग धन्याला मोकळा होता, तो त्याने मुद्दाम टाकला.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. वडिलांची भाकरी, थोडा विचार केला तर, दुसऱ्याच्या खाड्यावर अवलंबून होती. कुणाला ताप आला तर त्यांना काम. मग त्यांनी सकाळी कशासाठी प्रार्थना करावी? काम मिळू दे म्हणावे, तर कुणीतरी आजारी पडू दे म्हटल्यासारखे. त्या मुलीचा पेच आणि माझ्या वडिलांचा पेच एकच होता, हे मला कळायला फार दिवस लागले. वडिलांनी त्यावर काढलेली तोड अगदी साधी होती: ते निघताना केवळ प्रभूची प्रार्थना म्हणत, आणि त्या प्रार्थनेत भाकर 'मला' दे असे कुठेच नाही, 'आम्हांला' असे आहे. त्या 'आम्हां'मध्ये दारातली दीडशे माणसे होती आणि तापाने अंथरुणाला खिळलेला तो कायम कामगारही होता. स्पर्धेतून उठून जाण्याची सोय गरिबाला नसते. रांगेत उभे राहावेच लागते, नाव पुकारले जावे अशी इच्छा होतेच, आणि तिच्यात पाप नाही. परंतु रांगेतल्या पुढच्या माणसाची पाठ पाहताना तो माझ्या 'आम्हां'मधला आहे की माझ्या वाटेतला अडसर आहे, हा निवाडा ज्याचा त्याने रोज करायचा असतो. श्रद्धा जगणे म्हणजे याहून निराळे काही असेल तर ते मला माहीत नाही.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे, म्हणून त्याला आडवे न जाता मी त्याला सामोरा जातो. कृपेचा असा उपदेश गरिबाला गप्प बसवण्यासाठी पुष्कळ वेळा वापरला गेला आहे. भोईवाड्याला लागूनच असलेल्या पोयबावडीच्या बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कितीतरी वर्षे काढली. ज्या शर्यतीत काहींना जन्मतःच मैलभर मागे उभे केलेले असते तिला शर्यत म्हणण्यातच लबाडी आहे, हे त्यांनी या देशाला निःसंदिग्ध शब्दांत सुनावले, आणि मराठी ख्रिस्ती समाज ज्या जातींतून मुख्यत्वे घडला त्यांना तर हे कुणी सांगावे लागू नये. १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणीकामगारांनी जो संप केला त्यात बदलीची ही दुर्दशाही एक गाऱ्हाणे होते, आणि माझे वडील त्या संपात होते. कृपेवर श्रद्धा ठेवणारा माणूस हक्काची मागणी सोडतो असे नाही. धन्याने पहिल्या मजुरांची ठरलेली मजुरी एका पैशाने कमी केली नव्हती. कृपा सुरू होते ती करार पुरा पाळल्यानंतर. ज्या मालकाने करारच मोडला आहे, त्याने कृपेचे नाव घेण्याचा अधिकार गमावलेला असतो. हा मुद्दा पुस्तकाच्या सहाव्या प्रकरणात विस्ताराने आला आहे, आणि ज्यांना केवळ एकच प्रकरण वाचण्यास सवड आहे त्यांनी ते वाचावे.

मराठी ख्रिस्ती परंपरेत या विषयाची उदाहरणे शोधायला मला दूर जावे लागले नाही, कारण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे चरित्र हाताशीच होते. त्यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी याच मुंबईत झाला, आणि त्या एका दिवसाने त्यांची पत, त्यांचे गणगोत व काही वर्षांपुरता त्यांचा संसारही हिरावून घेतला, ही कथा लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'मुळे घरोघर पोचली आहे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो असे ते म्हणत, हेही सर्वश्रुत आहे. मला येथे सांगायची आहे ती गोष्ट निराळी आहे. १९०७ साली जळगावला कवींचे संमेलन भरले. कवी हा प्राणी किती स्पर्धाळू असतो हे ज्यांनी कवी जवळून पाहिले आहेत त्यांना सांगायला नको. आणि टिळक तर त्या काळी फुलांचे व मुलांचे कवी म्हणून महाराष्ट्रात आपल्या जागी पक्के बसलेले होते. त्या संमेलनात धरणगावचा, मिसरूडही धड न फुटलेला एक मुलगा उभा राहिला आणि त्याने जे म्हणून दाखवले त्याने सभा थक्क झाली. तो त्र्यंबक बापूजी ठोमरे, ज्याला पुढे सगळा महाराष्ट्र बालकवी म्हणू लागला.

त्या सभेत बसलेल्या टिळकांच्या मनाची मी अनेकदा कल्पना करून पाहिली आहे. निसर्गाची कविता हे त्यांचे स्वतःचे क्षेत्र; आणि त्या क्षेत्रात आपल्यापेक्षा थोर होऊ शकेल असा मुलगा समोर उभा. अशा वेळी माणूस कौतुकाचे चार शब्द बोलतो, पाठीवर थाप मारतो आणि घरी जाऊन अस्वस्थ होतो. हे मी माझ्या व्यवसायात पाहिले आहे आणि स्वतः केलेही आहे. टिळक त्या मुलाला अहमदनगरला आपल्या घरी घेऊन गेले. त्याला घरातला केला, लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखा वागवला, आणि त्या घरात त्याची कविता वाढली. आज तटस्थ वाचक दोघांच्या निसर्गकविता शेजारी ठेवून पाहील तर त्याचा कौल कुणाकडे जाईल हे मराठी काव्याच्या अभ्यासकाला विचारण्याचीही गरज नाही. टिळकांनी आपला प्रतिस्पर्धी स्वतःच्या चुलीवर पोसला. हे त्यांनी कोणत्याही प्रवचनात सांगितलेल्या कृपेपेक्षा मला मोठे वाटते, आणि पुढे १९१७ साली मिशनच्या पगारावर पाणी सोडून, बाप्तिस्मा घेतलेल्यांना व न घेतलेल्यांना एकत्र सामावणारा 'देवाचा दरबार' त्यांनी काढला तेव्हा जी वृत्ती जगाला दिसली तिचा उगम मला जळगावच्या त्या मंडपात दिसतो.

पंडिता रमाबाईंवर एक पूर्ण प्रकरण आहे, म्हणून येथे थोडक्यात. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत, चौपाटीजवळ, शारदासदन काढले. पुढे ते पुण्यास गेले, त्यावर वादळ उठले, पालकांनी मुली काढून नेल्या. ज्या विदुषीने पंडितांच्या सभा जिंकल्या होत्या तिने त्यानंतर जिंकण्याचा नाद सोडला, आणि दुष्काळातून उचलून आणलेल्या, कुणालाच नको असलेल्या शेकडो मुलींसाठी केडगावला मुक्तिसदन उभारले. मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलाचे मराठी भाषांतर त्यांनी हाती घेतले, त्याचे खिळे जुळवण्याचे कामही त्या मुलींनी शिकून घेतले, आणि १९२२ साली मरण आले तेव्हाच ते भाषांतर त्यांच्या हातून सुटले, तेही पुरे होऊन. आमच्या अंगणातला दाखला हवा असेल तर परळचे जुने गव्हर्नमेंट हाउस पाहावे. मुळात तेथे जेज्विट पाद्र्यांचा मठ व प्रार्थनामंदिर होते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजांनी ते आपल्या ताब्यात घेतले आणि तेथे गव्हर्नर राहू लागला. प्लेगने मुंबई उजाड केल्यानंतर १८९९ साली वाल्देमार हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा त्याच वास्तूत आली, आणि जिथे एके काळी वेदी होती त्या आवारात लक्षावधी माणसांना वाचवणारी लस तयार होऊ लागली. ख्रिस्ती मंडळीच्या हातून जप्त झालेली जागा एका यहुदी शास्त्रज्ञाच्या हातून रोग्यांच्या कामी आली. आणि हे पुरेसे समाधानाचे आहे असे ज्या ख्रिस्ती माणसाला वाटत नाही, त्याने आपल्या श्रद्धेची पुन्हा एकदा तपासणी करावी.

मी माझ्याच लोकांविषयी कठोर लिहितो आहे असे कुणाला वाटेल. पण गेल्या काही वर्षांत आमच्यात एक नवी शिकवण पसरते आहे, जी सांगते की विश्वास खरा असेल तर धंद्यात बरकत येते, आजार बरे होतात, मुलाला परदेशी नोकरी लागते. आणि हे झाले नाही तर विश्वासात उणीव आहे असे समजावे. टाटा रुग्णालयाच्या फुटपाथवर एक तास बसून ही शिकवण उच्चारून दाखवावी, असे माझे या उपदेशकांना आवाहन आहे. तेथे बिहारमधून, बंगालमधून, विदर्भातून आलेली माणसे आपल्या मुलाच्या गाठोड्याएवढ्या झालेल्या देहाशेजारी रात्र काढीत असतात; कुणाला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते, कुणाला मिळत नाही. त्यांच्यापैकी अनेकांचा विश्वास माझ्यापेक्षा दांडगा आहे. आमच्या मंडळीतल्या दोन वृद्ध भगिनी बुधवारी व शुक्रवारी तेथे डबे घेऊन जात, आणि त्यांनी कधी कुणाला धर्म विचारला नाही किंवा पत्रिका दिली नाही. एकदा त्यांच्यापैकी एकीला मी विचारले, की तुम्ही तेथे काय बोलता, ती म्हणाली, "मीठ बरोबर आहे का विचारते."

आता एक कबुली, जिच्याशिवाय हे पुस्तक माझ्या नावाने निघणे बरे नव्हे. शालान्त परीक्षेच्या वर्षी आमच्या चाळीत माझ्याच वर्गातला आणखी एक मुलगा होता. त्याची व माझी पहिल्या नंबरासाठी चुरस असे. गणिताचे एक चांगले मार्गदर्शक वाचनालयातून मी आणले. मुदत संपली, त्याने दोनदा मागितले, आणि मी दोन्ही वेळा सांगितले की ते माझ्याकडे नाही. ते आमच्या ट्रंकेत, वडिलांच्या बायबलाखाली होते. मला त्याच्यापेक्षा नऊ गुण अधिक पडले, आणि पेढे वाटताना आई म्हणाली, देवाची कृपा. मी मान हलवली.

संपाच्या दुसऱ्या वर्षी, एका रात्री, वडिलांच्या छातीत कळ आली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. जिना अरुंद, लाकडी, आणि वळणावर दिवा नव्हता. वडिलांना खुर्चीवर बसवून, खुर्ची धोतराने बांधून, चार माणसांनी ती उचलली. दोघे पुढे, दोघे मागे. पुढचे दोघे उलट्या पावलांनी जिना उतरत होते, कारण वडिलांचे डोके वर राहिले पाहिजे असे एकाने सांगितले होते. त्या पुढच्या दोघांत तो मुलगा होता. टॅक्सी मिळाली नाही, म्हणून त्यांनी खुर्ची तशीच केईएमपर्यंत नेली. वाटेत दोनदा खाली ठेवली, तेवढीच. मी औषधांची पिशवी घेऊन मागून चालत होतो, कारण माझे हात थरथरत होते आणि त्यांनी मला खुर्चीला हात लावू दिला नाही.

मार्काच्या शुभवर्तमानात कफर्णहूमच्या एका पक्षाघाती माणसाची हकीकत आहे. चौघे त्याला बाजेवर उचलून आणतात, गर्दीमुळे वाट मिळत नाही तेव्हा घराचे छप्पर उकलून त्याला खाली सोडतात, आणि येशू जो विश्वास पाहतो तो, तेथे स्पष्ट म्हटल्याप्रमाणे, त्या उचलून आणणाऱ्यांचा आहे. हा उतारा मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्या रात्रीपर्यंत मी स्वतःला नेहमी त्या चौघांपैकी एक समजत असे. त्या रस्त्यावर प्रथम माझ्या ध्यानात आले, की मी बाजेवर आहे. वडील त्या दुखण्यातून उठले आणि आणखी सहा वर्षे जगले. पुस्तकाची गोष्ट मी त्या मुलाला पुढे सांगितली. तो म्हणाला, मला तेव्हाच माहीत होते. तुझ्या धाकट्या बहिणीने सांगितले होते. म्हणजे ज्या रात्री त्याने खुर्चीचा पुढचा पाय धरला त्या रात्री त्याला ते माहीत होते. तो आमच्या मंडळीतला नव्हता. त्याच्या घरी विठोबाची तसबीर होती आणि त्याचे आजोबा दरसाल वारीला जात. कृपा म्हणजे काय हे मला ज्याने शिकवले त्याने हा शब्द माझ्याजवळ कधी उच्चारला नाही.

पुस्तकाच्या मर्यादा मला ठाऊक आहेत. मी धर्मशास्त्राचा पंडित नाही, मूळ ग्रीक मला येत नाही, आणि आजच्या तरुणांची स्पर्धा माझ्या काळच्या स्पर्धेहून अधिक निर्दय आहे. ज्या आवारात गिरण्या होत्या तेथे उंच मनोरे व कचेऱ्या झाल्या, आणि तेथल्या सरकत्या दारांत उभे राहणाऱ्यांच्या गळ्यात ओळखपत्र असते एवढाच बदलीच्या कार्डात आणि त्यात फरक उरला आहे असे काही मुले मला सांगतात. त्यांच्या अनुभवाची दोन प्रकरणे त्यांच्याच शब्दांत घेतली आहेत. ज्या मुलीच्या प्रश्नातून हे सारे निघाले तिला त्या वर्षी वैद्यकीय प्रवेश मिळाला नाही; ती आज एका रुग्णालयात परिचारिका आहे, हस्तलिखित तिनेच प्रथम वाचले, आणि तिच्या सांगण्यावरून मी तीन प्रकरणे वगळली. ख्रिस्ती नसलेल्या वाचकाने परके न वाटून घेता हे पुस्तक वाचावे अशी माझी विनंती आहे. ज्यांची उदाहरणे यात आहेत त्यांपैकी बरेच जण ख्रिस्ती नाहीत.

हे पुस्तक खुर्ची उचलणाऱ्या त्या चौघांना अर्पण केले आहे. त्यांच्यापैकी दोघे आता हयात नाहीत. तिसऱ्याचा पत्ता मला लागला नाही. चौथ्याच्या घरी पहिली प्रत मी स्वतः नेऊन देणार आहे, आणि तिच्याबरोबर गणिताचे ते मार्गदर्शकही, जे अजून माझ्याकडेच आहे.